प्राचीन इतिहास आणि पडद्यावरचे खेळ

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची मी एक चाचणी घेतली होती. क्लिओपात्राच्या काळचे इजिप्त, या विषयावर पानभर टीप लिहावयाची होती. पेपर तपासता तपासता एका टिपेपाशी माझा हात थांबला. अलेक्झांड्रिया शहराचे एकमेकांना काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, बंदरावरचा तो उंच दीपस्तंभ, नाईल नदीतील नावा, हे सारे त्या मुलाने असे लिहिले होते, की जणू चार दिवस तेथे मुक्काम करून तो नुकताच परतला आहे. यातले निम्मेसुद्धा मी वर्गात सांगितले नव्हते. परंतु पुढच्याच ओळीत 'बायेक' नावाच्या कुणा शूर रक्षकाचा पराक्रम आला. आता, असा कोणी बायेक इतिहासाला ठाऊक नाही. मी लाल शाईने त्या नावाभोवती गोल काढला, समासात 'ही कादंबरी आहे काय?' असे लिहिले, आणि तेवढ्यावर न थांबता दुसऱ्या दिवशी ती ओळ वर्गात वाचून दाखवली. वर्ग हसला. रोज पहाटेच्या एस.टी.ने गावाहून येणारा तो मुलगा मान खाली घालून बसला. त्यानंतर महिनाभर त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही.

पुढे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. दिवाळीच्या सुटीत तो पुण्याला मावसभावाकडे राहिला होता. तेथे त्याने एक व्हिडिओ गेम खेळला. 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स' हे त्याचे नाव. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तो २०१७ साली काढला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले, क्लिओपात्राच्या काळचे इजिप्त त्यात पडद्यावर उभे केले आहे, आणि बायेक हा त्या खेळाचा कल्पित नायक आहे. म्हणजे मुलाने कॉपी केली नव्हती, थापही मारली नव्हती. डोळ्यांनी पाहिले ते त्याने लिहिले होते. त्यातले खरे कोठे संपते आणि रचलेले कोठे सुरू होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगण्याचे काम माझे होते, आणि ते मी केले नव्हते.

म्हणून आज, शाळेतून प्राचीन इतिहास शिकवताना असल्या खेळांचा काही उपयोग करता येईल काय, याविषयी मला आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथमच एक गोष्ट कबूल करतो. मोबाइलवरच्या खेळांनी घराघरांत जे मांडले आहे, ते मी पाहतो. पोरगे जेवणाच्या ताटावरसुद्धा मान वर करीत नाही, ही आईबापांची तक्रार खोटी नाही. तेव्हा 'मुलांना खुशाल खेळू द्या' असे सांगण्यासाठी मी आलेलो नाही. मी बोलतो आहे ते गुरुजींच्या देखत, तासाच्या वेळात, विचारपूर्वक खेळवलेल्या खेळाविषयी. चाकूने बोट कापते आणि भाजीही चिरता येते. चाकू कोणाच्या हातात आहे, यावर सारे अवलंबून.

ही कल्पना काही कालपरवाची नाही. साठ वर्षांहून अधिक जुनी आहे, आणि तिला आकार देण्यात एका प्राथमिक शिक्षिकेचा मोठा वाटा होता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात मेबल ॲडिस नावाच्या बाई चौथीच्या वर्गाला शिकवीत असत. आयबीएम या संगणक कंपनीच्या साहाय्याने तेथील शिक्षण मंडळाने एक प्रयोग योजला, आणि १९६४ साली या बाईंच्या लेखणीतून 'सुमेरियन गेम' तयार झाला. त्या काळी संगणक म्हणजे खोली भरून टाकणारे यंत्र. त्याला तारेने जोडलेल्या टंकयंत्रासमोर मूल बसे. यंत्र कागदावर मजकूर छापी, आणि मूल त्याला आकडे टंकून उत्तर देई. सारा खेळ एवढाच.

पण त्यातला मजकूर ऐका. मूल असते सुमेरमधील लगश नगरीचा राजा लुदुगा. सुमेर म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग, तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या गाळाचा प्रदेश. काळ इसवी सनापूर्वी ३५०० चा. कारभारी येऊन सांगतो, महाराज, राज्यात माणसे इतकी, यंदा धान्य आले इतके, कोठारात शिल्लक इतके. यातले लोकांना खायला किती द्यावे? बियाण्याला किती काढावे? कोठारात किती ठेवावे? मुलाने तीन आकडे द्यावयाचे. मग पुढच्या हंगामाचा हिशेब येई. कधी पीक चांगले येई, कधी पूर येई, कधी आग लागे. खायला कमी दिले तर माणसे मरत. बी कमी पेरले तर पुढच्या वर्षी हात हलवीत बसावे लागे.

श्रोते हो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शेती आहे. बी राखावे की खावे, हा प्रश्न मी आपल्याला समजावून सांगावा, असे नाही. चैत्र-वैशाखात कणगीचा तळ दिसू लागतो आणि मृगाला अजून अवकाश असतो, तेव्हा घरातली बाई बियाण्याच्या गाडग्याकडे कशी पाहते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवले आहे. त्याच प्रश्नावर जगातल्या पहिल्या नगरांचे राज्य चालत होते. सुमेरमधील मातीच्या विटकुल्यांवर जे अगदी जुने लेखन सापडते, त्यात मोठा भाग काव्याचा नाही, देवस्तोत्रांचाही नाही. तो आहे हिशेबांचा. कोणाला किती धान्य दिले, किती मेंढरे आली, याच्या नोंदी. माणूस लिहावयास शिकला तो पुष्कळ अंशी कोठाराच्या दारात उभा राहून.

आता आपले पाठ्यपुस्तक काय सांगते? 'सुमेरियन लोकांचा मुख्य व्यवसाय शेती हा होता.' वाक्य खरे आहे. मूल ते पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि निकाल लागला की विसरून जाते. यात मुलाचा दोष नाही. त्या वाक्यात त्याला करण्यासारखे काही नसते. पुस्तकातला इतिहास घडून गेलेला असतो. कोण जिंकले, कोण हरले, राज्य केव्हा बुडाले, सारे आधीच ठरलेले. पण त्या काळच्या माणसांना ते ठाऊक नव्हते! पुढे पाऊस पडेल की नाही हे न कळता त्यांना आजच बी मोजून बाजूला काढावे लागत होते. निर्णय आधी घ्यावयाचा आणि परिणाम मागाहून भोगावयाचा, ही गोष्ट पुस्तक सांगू शकते, खेळ ती करावयास लावतो. खेळाचा मोठा गुण मला दिसतो तो हाच. चित्रे, रंग, आवाज ही पुढची गोष्ट. मेबल ॲडिस यांच्या पहिल्या खेळात टंकलेला मजकूर होता, आणि तरी मुले त्यात राजा होऊन बसली.

परंतु खेळाचे दोषही याच ठिकाणी लपलेले असतात. सुमेरचा हा खेळ पुढे दुसऱ्या लोकांनी लहान करून लिहिला, आणि १९७३ साली संगणक-खेळांच्या एका पुस्तकात तो 'हमुराबी' या नावाने छापला गेला. त्या निमित्ताने तो पुष्कळ दूरवर पोचला. आता या नावातच चूक आहे. हम्मुराबी हा सुमेरच्या आरंभीच्या नगरांचा राजा नव्हे. तो बाबिलोनचा, आणि काळाने पुष्कळ अलीकडचा, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातला. खेळणाऱ्या किती मुलांच्या डोक्यात ही सरमिसळ कायमची बसली असेल!

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. त्या खेळात उंदीर धान्य खातात, साथ येते, जमिनीचा भाव चढतो-उतरतो. पण जमीन क्षारपड होत नाही. ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारा, पाण्याचा निचरा झाला नाही तर काय होते. मीठ वर येते, पांढरा थर धरतो, आणि एके काळची सोन्यासारखी जमीन पडीक होते. दक्षिण इराकमध्येही कालव्यांच्या पाण्याने असेच झाले, गहू मागे पडला, खारटपणा सोसणारा जव म्हणजे सातू उरला, आणि नगरांची ताकद ओसरली, असे मत जेकबसन आणि ॲडम्स या संशोधकांनी १९५८ साली मांडले. या मताला पुढे आक्षेपही घेतले गेले. तो वाद मी येथे मिटवीत नाही. माझे म्हणणे इतकेच, की खेळाच्या नियमात जे नाही, ते खेळणाऱ्याच्या जगातही नसते. खेळ म्हणजे त्या काळाविषयी कोणीतरी केलेले एक विधान आहे. ते शब्दांऐवजी नियमांनी केलेले असते, एवढाच फरक.

हे विधान आहे हे मुलाला कळले, की त्यातली चूकसुद्धा शिकवू लागते. बायेकचा तो खेळ ज्यांनी केला, त्यांनीच २०१८ साली त्याची एक निराळी आवृत्ती काढली. 'डिस्कव्हरी टूर' असे तिला म्हणतात. त्यात लढाई नाही, रक्त नाही. इजिप्तमधून नुसते फिरावयाचे आणि वाटेत माहिती ऐकावयाची. २०१९ साली प्राचीन ग्रीसचीही अशी आवृत्ती आली. इजिप्तच्या या फेरफटक्यात अलेक्झांड्रियाची एक शाळा दिसते आणि मुलगे-मुली एकत्र शिकताना दिसतात. त्या काळी शाळा अशी नव्हती, आम्ही ते जाणूनबुजून असे दाखवले आहे, असे खेळ करणाऱ्यांनी तेथेच सांगून ठेवले आहे. वर्गातल्या मुलींना येथे विचारा : 'त्यांनी केले ते बरोबर की चूक? तुम्ही असता तर काय दाखवले असते?' या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जाईल, आणि तो अर्धा तास फुकट जाणार नाही.

हे खेळ वर्गात आणताना आणखी एका अनुभवाकडे लक्ष ठेवावे. 'सिव्हिलायझेशन' नावाचा एक प्रसिद्ध खेळ आहे. तो १९९१ साली प्रथम निघाला. इसवी सनापूर्वी ४००० पासून आरंभ करून खेळणारा एक संस्कृती वाढवीत नेतो. कर्ट स्क्वायर या अमेरिकन अभ्यासकाने त्याची तिसरी आवृत्ती शाळकरी मुलांना खेळावयास देऊन पाहिली. काही मुले भूगोल, व्यापार, युद्ध यांविषयी मोठमोठे प्रश्न विचारू लागली. पण काहींना खेळ फार अवघड वाटला, आणि त्यांनी तो सोडून दिला. तेव्हा खेळ म्हटला की सगळ्या मुलांना आवडणारच, हा भ्रम शिक्षकाने बाळगू नये. खेळ थोडा वेळ, आणि बोलणे जास्त वेळ, हे प्रमाण बरे.

येथपर्यंत ऐकून एखादे गुरुजी मनात म्हणत असतील, 'प्रोफेसरसाहेब, तुमचे सगळे खरे. पण आमच्या शाळेत संगणक एक, तो बंद, आणि चालू असला तरी वीज नाही!' त्यांना मी सांगतो, गुरुजी, चिंचोके आणा.

आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे गाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांची घरे सापडली, चुली सापडल्या, धान्याची पेवे सापडली, जळालेले दाणे सापडले. जव हे त्यांचे मुख्य पीक. पाणी वळवून घेणारा पाट सापडला. पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले, आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. हे घर गावाच्या प्रमुखाचे असावे, असे संशोधकांनी म्हटले. आणि शेवटच्या काळात, इसवी सनापूर्वी १००० नंतर, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. पाऊस कमी होत गेला आणि गाव गरीब झाले, असा त्यांचा तर्क.

हे सगळे वर्गात खेळता येते. मुलांची पाच घरे करा. प्रत्येक घराला चाळीस चिंचोके द्या. एक चिंचोका म्हणजे एक माप जव. घराला वर्षाला वीस मापे खायला लागतात. उरलेल्यातले किती पेरावे आणि किती पेवात ठेवावे, हे घराने आपसात ठरवून पाटीवर लिहावयाचे. पाटी दाखवून झाली, की एका मुलाने डब्यातून चिठ्ठी काढावयाची आणि वाचून परत टाकावयाची. सहा चिठ्ठ्या : तीन चांगल्या पावसाच्या, एकाचे चार, दोन बेताच्या, एकाचे दोन, एक दुष्काळाची, पेरले ते गेले. दर सुगीला प्रत्येक घराने दोन मापे प्रमुखाच्या कोठारात घालावयाची. अशी सहा वर्षे खेळा. हे आकडे मी खेळासाठी ठरवले आहेत, इनामगावच्या मातीतून निघालेले नाहीत, हेही मुलांना जरूर सांगा.

माझ्या एका शिक्षकमित्राच्या सातवीच्या वर्गात बसून मी हा खेळ पाहिला. पहिली दोन वर्षे चांगली गेली. तिसऱ्या वर्षी दुष्काळाची चिठ्ठी निघाली. एका घराने हाव धरून सगळेच पेरले होते. त्यांच्या हाती एक चिंचोका उरला नाही. दुसऱ्या घरात वीसला दोन मापे कमी पडत होती. त्या घरातला एक मुलगा म्हणाला, "पुढच्या वर्षासाठी बाजूला काढलंय ते बी खाऊ." तशी शेजारची मुलगी उसळून म्हणाली, "बी खायाचं नसतं! माझी आजी राखेत घालून ठिवती, कुणाला हात लावू देत न्हाई." मग सगळ्यांची नजर प्रमुखाच्या कोठाराकडे वळली. एकजण म्हणाला, "ते समद्यांचं हाय." प्रमुख झालेला मुलगा म्हणाला, "ज्यांनी सगळं पेरलं त्यांना का द्यावं?" मग जो कल्लोळ झाला, तो शांत करावयास गुरुजींना टेबल वाजवावे लागले. आणि त्या शांततेत त्यांनी इनामगावच्या त्या पाच खोल्यांच्या घराचे आणि कोठाराचे चित्र फळ्यावर काढले. मुले गप्प बसून पाहत राहिली. त्या चित्रात काय पाहावयाचे, हे आता त्यांना ठाऊक होते.

पण खरा इतिहासाचा तास यानंतर सुरू झाला. गुरुजींनी विचारले, "हे घर प्रमुखाचे, हे कशावरून?" मुले विचार करू लागली. मोठे आहे म्हणून. कोठाराजवळ आहे म्हणून. तेवढ्यात ती राखेतल्या बियांची मुलगी म्हणाली, "गुर्जी, ज्याच्या घरात माणसं जास्ती, त्याचं घर पण मोठं असतंय की." गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी एम.ए.च्या वर्गाला शिकवताना ज्या ठिकाणी पोचावयास पंधरा दिवस घेतो, तेथे ती मुलगी चिंचोके गोळा करता करता पोचली होती.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, खेळ पडद्यावरचा असो की चिंचोक्यांचा असो, तो संपल्यावर तीन प्रश्न विचारल्यावाचून तास सोडू नका. पहिला : हे कशावरून? यातले काय सापडले आहे आणि काय रचले आहे? दुसरा : यात कोण दिसले नाही? बायका, गुलाम, गुराखी, मुले कोठे गेली? आणि तिसरा : आपल्याला कोणता निर्णय घेता आला नाही? कारण जो निर्णय खेळ घेऊच देत नाही, तेथे खेळ करणाऱ्याचे मत लपलेले असते. हे तीन प्रश्न विचारले नाहीत, तर खेळ नुसती करमणूक होईल. किंवा त्याहून वाईट म्हणजे, तो रंगीत पाठ्यपुस्तक होऊन बसेल आणि मूल त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवील.

आता त्या मुलाची गोष्ट पुरी करतो. मी त्याला बोलावून घेतले. वर्गात हसे केले याबद्दल आधी त्याची माफी मागितली, आणि त्याची ती टीप पुन्हा वाचली. या वेळी लाल गोलापलीकडची एक ओळ मला दिसली. त्याने लिहिले होते, 'क्लिओपात्रालासुद्धा पिरॅमिड जुनेच वाटत असतील.' केवढे खरे होते ते! गिझाचा मोठा पिरॅमिड तिच्या वेळी अडीच हजार वर्षांचा झाला होता. आपण तिच्यापासून जितके दूर आहोत, त्याहून ती पिरॅमिड बांधणाऱ्यांपासून दूर होती. प्राचीन काळ हा एकच एक सपाट काळ नव्हे, हे त्या मुलाला खेळात फिरता फिरता उमगले होते. आणि बायेकच्या नादात मी त्या ओळीला एक गुणही दिला नव्हता.

मी त्याला म्हटले, "या टिपेतली प्रत्येक ओळ घे, आणि ती कशावरून म्हणता येते ते ग्रंथालयात बसून शोध. आधार सापडणार नाही ती ओळ खोड." दोन दुपारी तो बसला. बायेकला त्याने स्वतःच्या हाताने काट मारली. मग थोडा घुटमळला, आणि म्हणाला, "सर, आणखी एक ओळ खोडावी लागेल. पण ती खेळातली नाही."

"मग कोठली?"

"तुमच्या नोट्समधली."

अलेक्झांड्रियाचे प्रसिद्ध ग्रंथालय ज्यूलियस सीझरच्या स्वारीत, इसवी सनापूर्वी ४८ साली, जळून खाक झाले, असे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो होतो. आग लागली होती हे खरे. पण त्या एका आगीत सारे ग्रंथालय संपले, हे आधारांवरून तसे ठरत नाही. तेथील विद्यापीठासारखी संस्था पुढेही चालू होती, आणि ग्रंथालयाचा ऱ्हास हळूहळू झाला असावा, असे आज पुष्कळ अभ्यासक मानतात. मुलाने तीन पुस्तके माझ्यापुढे उघडी करून ठेवली.

मी खिशातले लाल पेन काढले आणि त्याच्या हातात दिले. त्याने माझ्या ओळीभोवती अगदी लहानसा गोल काढला.